बारावा पोर्ट

वहीत अकराच पोर्ट होते, आणि स्क्रीनवर बारा. पोर्ट म्हणजे सर्व्हरची नंबर घातलेली दारं. या बाराव्या दारातून कुणीही थेट आमच्या रक्तपेढीच्या डेटाबेसमध्ये शिरू शकत होतं. उद्या तपासणी होती, म्हणून तरी मला ते दिसलं.

नेटवर्क सांभाळणारा रामटेके समोरच बसला होता. महिनाअखेर तो नोकरी सोडणार होता, आणि हल्ली फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा.

"हा पोर्ट कुणी उघडला?" मी विचारलं.

"मी यायच्या आधीपासून आहे, मॅडम. लगेच बंद नका करू. जुन्या फायलीत बघून सांगतो."

बघून सांगतो म्हणे! म्हणजे माग पुसायला वेळ हवा. तो कपाटाकडे वळला आणि मी पोर्ट बंद करून टाकला.

पाच मिनिटांत फोन सुरू झाले. आमच्याकडून रक्त घेणाऱ्या चारही रुग्णालयांना आमचा साठा दिसेना. एका ठिकाणी बाई ऑपरेशन टेबलवर होती, आणि ओ निगेटिव्हची पिशवी आहे की नाही तेच कळेना.

रामटेके धावत आला. त्याने आधी पोर्ट उघडला, मग हातातला सहा वर्षांपूर्वीचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. रुग्णालयांसाठी डेटाबेसला वेगळा पोर्ट द्यावा, असा तो अर्ज होता. खाली माझी सही होती. शेरासुद्धा माझ्याच अक्षरात होता: "वहीत नोंद नको. इथे कुणाचा भरवसा नाही."