वाटेतली मैदानं

गाडीच्या मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची. पट्टा बांधलेला, खुर्ची रिकामी.

सिमेंटच्या कारखान्यामागे नऊ होलचं गोल्फचं मैदान. गवत करडं, पण बाहेरच्यांना खेळू देतात.

बाथरूममध्ये पाय घसरला की माणूस हात टेकतो. मनगट मोडतं. एकदा मोडतं. लेकीचं दुसऱ्यांदा मोडलं की घरचे एकमेकांकडे बघत नाहीत.

भूगोलाच्या मास्तरांना पत्ता आठवत नाही.

"पण घर ओळखाल ना?" जावयाने गाडी चालवता चालवता विचारलं.

"ओळखेन की. समुद्राच्या गावात शिरलो की मी सांगतो, डावीकडे, उजवीकडे. रस्ता डोळ्यासमोर आहे, पत्ताच तेवढा ध्यानात नाही."

"जन्मभर पोरांकडून नकाशे काढून घेतलेत, बाबा, आणि लेकीच्या घराचा पत्ता नाही!" जावई हसला. तो दातांचा डॉक्टर होता. स्वतःचे दात सुरेख होते.

त्याची बायको छोट्या मुलीला घेऊन घर सोडून गेली होती. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, असं सासऱ्यांनी फोनवर सांगितलं. फार आढेवेढे घेतले नाहीत. "नवराबायकोच्या मध्ये पडणारा मी कोण? चला, दाखवतो," म्हणाले. जावई न्यायला गेला तेव्हा ते पिशवी घेऊन फाटकाबाहेरच उभे होते. गाडीत बसल्या बसल्या जावयाने त्यांचा फोन मागून घेतला. तिला आधी कळलं तर ती उगाच घाबरेल म्हणून.

गोल्फचं सासऱ्यांनीच काढलं. डिकीत काठ्यांची बॅग दिसली तेव्हा. "वाटेत मैदानं असतील. एखादा डाव खेळून घ्या. ती कुठे पळून जाणार आहे? रागाच्या भरात मात्र तिच्या दारात उभे राहू नका."

जावयाला पटलं. त्याला शांतपणेच जायचं होतं.

मग पेट्रोलपंपावर, चहाच्या दुकानात, लॉजच्या काउंटरवर सासरे एकच विचारू लागले. "इकडे कुठे गोल्फ खेळतात का हो?" लोक आधी हसायचे, मग हात करून दिशा दाखवायचे. जावयाच्याच फोनवरून, त्याच्याच शेजारी बसून, ते मैदानवाल्यांशी गोड बोलायचे. आमचे जावई फार नामी खेळतात, मेंबर नसले म्हणून काय झालं. एक मैदान जुन्या धावपट्टीला लागून होतं. एकावर मेंढ्या चरत होत्या. एकावर सभासदांच्या स्पर्धा चालू होत्या, तर अख्खा दिवस थांबावं लागलं. दर वेळी वाट थोडी वाकडी व्हायची. दर वेळी सासरे बॅग खांद्यावर मारून मागे चालायचे.

"कुत्र्याचं नाक आहे की काय तुमचं, बाबा! कुठूनही हुंगून काढता."

"तुम्ही खेळता, मला बघायला आवडतं."

खेळ संपला की जावई एकेक काठी ओल्या फडक्याने पुसायचा, मग कोरड्या. गवताचं पातं चिकटलेलं त्याला चालत नसे.

मेंढ्यांच्या मैदानावर एक कुत्रं आडवं येऊन बसलं. "हाकला ना जरा," जावई म्हणाला. सासरे गेले. वाकून त्यांनी कुत्र्याला उठवलं, तोवर मागून फटका बसला. चेंडू त्यांच्या कानाजवळून सूं करून गेला. कुत्रं पळालं. सासरे वाकलेलेच राहिले.

"लागत नाही हो, बाबा. मी बघून मारतो."

सासरे सावकाश सरळ झाले. "हो. ते माहीत आहे मला," म्हणाले, आणि विचारलं, "पुढे नदीपलीकडे एक आहे म्हणतात. नवीन आहे. जाऊ या का?"

नदीपलीकडचं झालं. त्यानंतरचंही झालं. तिथल्या माणसाने सांगितलं, आता इथून पुढे मैदान नाही. आता फक्त समुद्र.

ते गाव दुपारी आलं. ऊन होतं आणि रस्त्यावर कोणी नव्हतं.

"डावीकडे," सासरे म्हणाले. "आता उजवीकडे. आता सरळ."

गल्ली अरुंद होत गेली. बंद दुकानं, उलथी ठेवलेली होडी, भिंतीवर टाकलेली जाळी. जावयाने आरशात बघून केस सारखे केले. मग मागे हात घालून लहान खुर्चीचा पट्टा मोकळा करून ठेवला.

"इथे थांबवा."

समोर दगडी बांध होता. त्यापुढे पाणी.

"घर कुठाय?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. मिटून खिशात ठेवला. दार उघडून खाली उतरले आणि गाडीला न टेकता उभे राहिले.

"जावईबापू, या गावात मीसुद्धा पहिल्यांदाच येतोय."

जावयाने इंजिन बंद केलं. डिकी उघडल्याचा आवाज आला. हातमोजा त्याने नेहमीसारखाच चढवला, एकेक बोट नीट बसवून. मग बॅगेत वाकून तो काठी निवडू लागला. घाई नव्हती. सासरे पाण्याकडे बघत होते.

ते दोघे निघाले त्या सकाळी मुलगी आणि नात सासऱ्यांच्याच घरात होत्या, वरच्या खोलीत, गाढ झोपलेल्या.