उभ्या झेंडूत रोटर

“साठ जणांत एकालाही उदाहरण देता येत नाही?” ललित सरांनी खडू फळ्यावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले. “पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!”

फळ्यावर ‘सन्क कॉस्ट’ असं लिहिलेलं होतं. खाली सरांनीच मराठीत लिहून दिलं होतं : बुडालेला खर्च. तो परत येत नाही, म्हणून पुढचा निर्णय घेताना तो धरायचा नाही. जो धरतो तो मूर्ख. बीबीएच्या पहिल्या वर्षाला फायनान्स शिकवणं ही आपल्या लायकीची गोष्ट नाही, असं सर स्टाफरूममध्ये रोज सांगत. गेली नऊ वर्षं सांगत होते. नऊ वर्षांनंतरही आपण तासिकेवरच आहोत आणि तासिकेचे पैसे परीक्षा संपल्यावर कधीतरी मिळतात, हे मात्र ते कोणाला सांगत नसत.

टेबलावर हजेरीपटाशेजारी त्यांची काळी बॅग होती. आज सर तिच्यावरचा हात काढत नव्हते. आत सहा लाख रुपये होते. तास संपला की ते संस्थेच्या सचिवांना द्यायचे, मग कायम नोकरीची ऑर्डर निघणार होती. याआधी दोनदा मिळून नऊ लाख दिले होते, तेव्हाही ऑर्डर निघणारच होती. ते नऊ लाख सिन्नरच्या प्लॉटचे होते. हे सहा बायकोच्या बांगड्यांचे. मंजुषाने बांगड्या काढून दिल्या तेव्हा सरांनी तिला काही विचारलं नव्हतं.

सर शेवटच्या बाकाकडे वळले. तिथे पूजा बसायची. पहाटे आईबरोबर फुलबाजार करून ती कॉलेजला यायची. तिच्या बोटांचा पिवळा रंग काही जात नसे.

“फूलवाली, तू सांग. का नुसते हारच ओवता येतात?”

वर्ग हसला. पूजा उभी राहिली. “सर, दिवाळीनंतर आम्ही झेंडूत रोटर मारला.”

“उभ्या पिकात? फुलं असताना?”

“हां सर. फुलं तर लय होती.”

सरांना हसू आवरेना. “वा! रोपं आणली, खत घातलं, औषध फवारलं आणि फुलं आल्यावर वरून ट्रॅक्टर फिरवला. याला म्हणतात धंदा! कोणाचं हे डोकं?”

“आईचं. भाव किलोला चार रुपये होता. तोडायचेच सहा जात होते. आई म्हणली, घातलं ते गेलं. आता तोडत बसलं तर किलोमागं अजून दोन घालायचे.”

“किती शिकल्या आहेत आपल्या मातोश्री?”

“तिसरी, सर.”

वर्ग पुन्हा हसला. सरही हसायला गेले, तेवढ्यात त्यांची नजर फळ्यावर गेली. फळ्यावर जे लिहिलं होतं, तेच ही पोरगी बोलली होती. फरक एवढाच, की तिच्या आईने ते केलं होतं. शाब्बास म्हणायला सरांची जीभ वळली नाही. “म्हणली नाही, म्हणाली,” ते म्हणाले. “बस खाली.”

पूजा बसली. सर फळा पुसायला वळले, पण पुसता पुसता थांबले.

“वाईट नाही वाटलं तुझ्या आईला?”

“रडली ना, सर. पण ट्रॅक्टर चालू झाल्यावर. आधी नाय. आधी हिशेब केला.”

घंटा झाली. दारात राजू शिपाई उभा होता. “साहेब थांबलेत, सर. बॅग घेऊनच या म्हणले.”

सचिव चहा पीत होते. त्यांनी सरांना बसा म्हटलं नाही. नऊ वर्षांत कधीच म्हटलं नव्हतं.

“आणले?”

“ऑर्डर कधी निघेल, साहेब?” हा प्रश्न सरांनी पहिल्यांदाच विचारला.

“निघेल हो. वरून मंजुरी आली की निघेल.”

“मागच्या वेळीही तुम्ही…”

“हे बघा मास्तर,” सचिवांनी कप बशीत ठेवला. “नऊ देऊन बसला आहात. आता सहासाठी ते नऊ बुडवता का? आणि म्हणे फायनान्स शिकवतात!”

सरांना संताप आला. सचिवांचा आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा. नऊ वर्षं ते दुसऱ्यांच्या पालथ्या घड्यांवर पाणी ओतत होते, आणि सगळ्यांत पालथा घडा त्यांचा स्वतःचाच होता. हे कळायला तिसरी शिकलेली बाई लागावी, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

त्यांनी बॅग टेबलावर ठेवली नाही. काखेत मारली.

“घातलं ते गेलं, साहेब,” ते म्हणाले. “उद्यापासून माझे तास दुसऱ्याला द्या.”

“म्हणजे?” सचिवांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट या माणसाला समजावत बसायची सरांना इच्छा झाली नाही. ते बाहेर पडले.

पार्किंगमध्ये त्यांनी बॅग स्कूटरवर पायांशी ठेवली आणि दोन्ही बाजूंनी पाय घट्ट आवळले. डोळे कोरडे होते. मंजुषाला काय सांगायचं, ते त्यांनी मनात एकदा नीट जुळवून पाहिलं. सहा वाचले, नऊ गेले, नोकरी गेली. स्कूटर जुनी होती, तिला तीन किक माराव्या लागल्या.

स्कूटर चालू झाली, आणि मग ललित सर रडले. आधी नाही.