पंपातली हवा

नवरा-बायकोत सकाळपासून अबोला होता. तो डिझेल पंपांचा मिस्त्री, ती ट्रक चालवणारी. ट्रक माल भरून तयार, आणि नेमका आजच स्टार्ट होईना. पंपाकडे येणाऱ्या पाइपचा नट सैल पडून लाइनीत हवा शिरली होती. त्याचा सतरा नंबरचा पाना सकाळपासून गायब होता, पण बायकोला विचारणार कोण? दुसऱ्याच पान्यावर भागवत त्याने नट आवळला.

आता हवा काढायची, तर माणसं दोन लागतात. एकाने पंपाशी वाकायचं, दुसऱ्याने केबिनमधून सेल्फ मारायचा. न बोलता ते जमत नाही.

“मार,” तो बॉनेटखालून गुरगुरला. “थांब. मार. अगं, थांब म्हटलं ना! हां... आता मार, राणी.”

इंजिन धडधडलं.

“निघाली का हवा?” तिने खिडकीतून विचारलं.

“पंपातली निघाली.”

“मी पंपाचं विचारतच नव्हते.”

त्याला हसू फुटलं. बॉनेट लावून तो खिडकीशी आला. “पण हा नट सैल झालाच कसा? काल मीच आवळला होता.”

“हो ना! ढिला करताना घाम फुटला मला,” असं म्हणत तिने सतराचा पाना त्याच्या हातात ठेवला आणि गियर टाकला.