ठीक आहे ना?

“काकू, आज फोनवर नको. तुम्ही इकडेच या,” तनया म्हणाली.

हेमा मंडईत उभी होती. हातातली मेथीची जुडी तिनं ढिगावर परत ठेवली. “काय झालं हो ताई?” असं भाजीवालीनं विचारलं, ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

तनया दवाखान्यात अवयवदानाचं काम बघायची. चौदा महिन्यांपूर्वी वारज्याच्या पुलाजवळ हेमाच्या मुलाची, सलिलची गाडी घसरली होती. मेंदूचं काम थांबल्याचं डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, तेव्हा फॉर्म घेऊन समोर बसलेली हीच मुलगी. हेमाच्या नवऱ्याचा, अनंतचा हात उठेना, म्हणून सही तिनंच केली. तेवीस वर्षांच्या मुलाला आत नेण्याआधी तिनं त्याच्या छातीला कान लावला होता. ठोके पडत होते. अगदी व्यवस्थित, एका लयीत.

ते हृदय कुणाला दिलं हे सांगायचं नसतं, असं तनयानं समजावलं होतं. पण ‘ठीक आहे’ एवढं सांगायला हरकत नव्हती. म्हणून दर महिन्याच्या चार तारखेला हेमा फोन करायची.

“ठीक आहे ना?”

“ठीक आहे, काकू.”

मग तीन-चार दिवस झोप लागायची. नंतर भीती पुन्हा सुरू. पेपरात डेंगीची बातमी आली की तिचे हातपाय गार पडायचे. बसमध्ये कुणी खोकलं की वाटायचं, असाच कुणीतरी त्याच्याही शेजारी बसला असेल. तो गोळ्या वेळेवर घेत असेल ना? जिने धावत चढत नसेल ना? एकदा तर तिनं विसर्जनाच्या गर्दीत जाऊ नकोस असा निरोप द्यायला सांगितला होता.

“त्याला पडसं झालं तर इथून काढा पाठवणार आहेस का?” अनंत पेपर खाली न करता म्हणायचा. पण चार तारखेला ऑफिसातून तोही लवकर घरी यायचा. काही विचारायचा नाही. हेमाचा चेहरा बघून चपला काढायचा.

आज तिनं त्याला कळवलं नाही. रिक्षा लक्ष्मी रस्त्यावर अडकली, तेव्हा तिला बरंच वाटलं. जितका उशीर होईल, तितका वेळ तो होता. दवाखान्यात तनयाच्या दारापर्यंत जाऊन ती मागे फिरली. पाणी प्यावं म्हणून पेला भरला. तो तसाच ठेवून ती आत गेली.

तनयानं दार लावून घेतलं.

“गेल्या महिन्यात मी ठीक आहे म्हणाले, ते खरं नव्हतं, काकू. इन्फेक्शन झालं होतं. खूप प्रयत्न केले. परवा…”

हेमानं टेबलाची कड धरली. चौदा महिने जे येऊ नये म्हणून ती जपत होती, ते आलं होतं. सलिल दुसऱ्यांदा गेला होता.

“कोण होता?”

“मुलगी होती. एकोणीस वर्षांची. याहून जास्त मला सांगता येणार नाही.”

मुलगी. इतके दिवस हेमा जिला मनात ‘तो’ म्हणत होती, ती मुलगी होती.

“मग महिनाभर लपवलंस का?”

“तिच्या आईनं हात जोडले माझ्यापुढे. तुम्ही दर महिन्याला विचारता, हे मी त्यांना मागेच सांगितलं होतं. तेव्हापासून चार तारीख आली की तुमच्या फोनची भीती वाटायची त्यांना. काल म्हणाल्या, ‘तिनं पोटच्या लेकाचं काळीज दिलं, ते बी मला राखता आलं न्हाई. ती माऊली मला काय म्हनंल?’”

हेमा खुर्चीत बसली. कुठल्याशा गावात एक बाई आपल्याला भीत होती. मुलीसाठी रडायचं सोडून आपल्याला भीत होती.

“फोन लाव त्यांना.”

“काकू, नियमात बसत नाही.”

“माझं नाव सांगू नकोस. मी बोलणारही नाही. मी सांगते तेवढं तू बोल.”

तनयानं फोन लावला. पलीकडून उचलला गेला, पण कुणी ‘हॅलो’ म्हटलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. तनयानं हेमाकडे पाहिलं.

“त्यांना सांग,” हेमा म्हणाली, “डॉक्टरांनी माझ्या लेकाला एक दिवसही देऊ केला नव्हता. चौदा महिने तुमच्या लेकीनं दिले.”