भुऱ्याच्या नावावर सात लाडू

“भुऱ्यानं खाल्ले,” जगदेवराव म्हणाले आणि मिशीवरून हळूच हात फिरवला.

त्यांच्या पत्नी कस्तुराबाई रिकामा डबा घेऊन ओसरीवर उभ्या होत्या. बाळंतीण सुनेसाठी त्यांनी मूठमूठ मनुका घालून डिंकाचे लाडू वळले होते. त्यातले सात दुपारपर्यंत डब्यात होते.

“झाकण कुत्र्यानं काढलं काय?”

“उघडंच होतं. म्या पाह्यलं ना डोळ्यानं!”

डोळ्यांची साक्ष काढायची काही गरज नव्हती, पण जगदेवरावांना राहवलं नाही. सातही लाडू त्यांच्याच पोटात होते. गेल्या महिन्यात साखर चारशेवर गेली म्हणून ते वाशिमला चार दिवस दवाखान्यात पडून आले होते. घरी आल्यावर तान्ह्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी गोड सोडल्याची शपथ घेतली होती. ती मोडली, हे आता कोणत्या तोंडाने सांगणार? भुऱ्या बिचारा म्हातारा कुत्रा, सकाळपासून कोपऱ्यात मुकाट पडलेला. चार शिव्या खाईल, एवढंच, असा त्यांनी हिशेब केला.

तेवढ्यात त्यांची सून योगिनी खोलीतून धावत बाहेर आली. डब्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ भुऱ्याजवळ जाऊन बसली.

“मामाजी, मनुका कुत्र्याले जहर असते. किडन्या जातात त्याच्या. म्या मोबाइलवर वाचलं. डॉक्टरले बलावा.”

“काई होत नाई पोरी. गावरान कुत्रं हाय, पचवते.”

“बलावा म्हणते ना!”

सासऱ्यापुढे कधी आवाज न चढवणारी पोर ती. जगदेवराव जागचे हलले नाहीत. शेवटी तिनेच फोन लावला.

तासाभरात मंगरूळपीरहून गुरांचे डॉक्टर सेवालाल मोटरसायकलवर आसेगावात आले. त्यांनी भुऱ्याचं पोट चाचपलं.

“किती लाडू खाल्ले?”

“सात,” जगदेवराव म्हणाले. आकडा तरी खरा होता.

“वय झालं याचं. उलटी करवाची सुई सोसंल का नाई, सांगता येत नाई. पण मनुका खाल्ल्या असतील तं द्याच लागन. पक्कं पाह्यलं ना तुमी?”

जगदेवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या एका शब्दाने ती सुई टळत होती. भुऱ्या त्यांच्याकडेच बघत होता, शेपटीचं टोक तेवढं हलवत होता. “डॉक्टरसाहेब...” त्यांनी सुरुवात केली आणि कस्तुराबाई नातीला खांद्यावर घेऊन दारात आल्या.

“पक्कं पाह्यलं,” जगदेवराव म्हणाले. स्वतःच्या जिभेची त्यांना किळस आली.

सुई बसली. भुऱ्या थरथरायला लागला, त्याचे पाय ताठ झाले. जगदेवरावांनी त्याची मान मांडीवर घेतली. साठी उलटलेला माणूस आपण, दोन घास गोडासाठी मुक्या जनावराचा जीव घेतो आहोत, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. हा वाचला तर आजच सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. नात रडायला लागली, तशा कस्तुराबाई तिला घेऊन आत गेल्या.

मग भुऱ्या ओकला. पिवळ्या पाण्यात टपोऱ्या फुगलेल्या मनुका, चांगल्या मूठभर.

“बरं झालं वेळेवर बलावलं,” डॉक्टर म्हणाले. “उद्यावर गेलं असतं तं हातचा गेला असता. आता सलाईन लावू, वाचते हा.” ते मोटरसायकलच्या पेटीतून सलाईन आणायला गेले.

जगदेवराव मनुकांकडे बघतच राहिले.

योगिनी खाली मान घालून पदराने भुऱ्याचं तोंड पुसत होती. मान वर न करता ती हळूच म्हणाली, “ह्या माह्या वाटच्या लाडवातल्या हायेत, मामाजी. सकाळी म्याच त्याले चारला होता. तुमचे सात तं तुमच्याच पोटात हायेत.”