सातवं सर्टिफिकेट

पोह्यांच्या गिरणीतला कॉम्प्युटर कंपनीच्या क्लस्टरला, म्हणजे सर्व्हरच्या जाळ्याला, जोडायला केतकीने त्याच्यावरच सातवं सर्टिफिकेट, म्हणजे मशीनचं डिजिटल ओळखपत्र, बनवलं. क्लस्टरने तेही झिडकारलं. परक्या मशीनला तो दारात उभं करेना, आणि साहेबांचा तिसरा फोन येऊन गेला होता.

“ताई, आधी चहा घ्या,” मुकादम गावंडकाका पुन्हा म्हणाले.

वैतागून ती उठली. चहा पिऊन परतली, तर जोडणी आपोआप झालेली!

मग तिला पडद्यावरचं घड्याळ दिसलं. दहा मिनिटं पुढे. सर्टिफिकेटवर वेळ याच घड्याळाची पडत होती, म्हणून क्लस्टरच्या लेखी प्रत्येक सर्टिफिकेट दहा मिनिटांनी लागू होणार होतं, आणि ती दर पाच मिनिटांनी जुनं टाकून नवं बनवत होती.

“कामगार वेळेवर यावेत म्हणून सगळी घड्याळं मीच पुढे ठेवलीत,” काका ऐटीत म्हणाले.

केतकीने अहवालात लिहिलं: सर्टिफिकेट बनवून चहा घ्यावा. साहेबांचा फोन आल्यास पोहेही खावेत.