नदीपलीकडचं गाव

"रायाजी, पुन्हा परत आलात?" केतकी वैतागली. मांडीवरची तान्ही नुकतीच डोळा लागून झोपली होती. तेवढ्या वेळात संगणकावरचा नवा खेळ तपासून कंपनीला अभिप्राय द्यायचा होता.

पडद्यावरच्या गडावर हवालदार रायाजीने मुजरा केला. खेळ सुरेखच होता. चिखलात घोडे रुतत, बंदुकीची दारू सादळे, प्रत्येक शिपाई स्वतःच्या डोक्याने विचार करी. म्हणून तर पेरणीचे दिवस येताच सगळं सैन्य मोहीम सोडून घरी निघालं होतं.

"काय करावं, बाईसाहेब? नदीपलीकडं नुसतं पांढरं आहे. गावच नाही. माझी लेक रांगत होती हो, निघालो तेव्हा."

केतकीने कंपनीला पुन्हा फोन करून कळवलं. त्यांचं उत्तर तेच होतं: "लढाईच्या खेळात घरं कशाला? हल्ल्याला पाठवा त्यांना."

"अहो, पण लेक दिलीत ना त्याला!" ती जवळजवळ ओरडलीच.

त्या आवाजाने तान्ही जागी झाली आणि रडू लागली. गडावरची सगळी डोकी एकदम वळली.

"गाव इकडं आहे रे!" रायाजी ओरडला, आणि सगळं सैन्य धावत येऊन पडद्याच्या काचेला भिडलं.

लेकीला गप्प करायला केतकीचं मन धजेना.